आप्पांची हिरडी आणि कपाशीचा हंगाम

दातांच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं काम केलं आणि एकही दात काढला नाही. दात काढायचे आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान. मी तारखा द्यायचे. शहाद्यात माझं नाव विचारलं असतं तर चार माणसांनाही सांगता आलं नसतं, पण 'तारखावाली बाई' म्हटलं की टांगेवाला पुढचं न विचारता आमच्या दाराशी आणून सोडायचा.

परवा सूनबाईंनी विचारलं, "आई, तारखा देणं हे काय काम झालं?" तिला वाटतं, वही उघडायची, रिकामी ओळ बघायची, नाव लिहायचं, संपलं. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तिने धुडकूआप्पा पाहिलेले नाहीत.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. डॉक्टरांनी मुंबईत शिक्षण घेतलं, पण मुंबईत खुर्ची टाकायला जागा मिळेना. कुणीतरी सांगितलं, पश्चिम खानदेशात जा, तिथे कापूस आहे, पैसा आहे आणि दातांचा डॉक्टर नाही. (नंदुरबार जिल्हा वगैरे फार पुढच्या गोष्टी.) तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. चौथी कुणी सांगितली नव्हती. तिथली माणसं दात दुखायला लागला की तो आपोआप पडेपर्यंत दम धरत, आणि शेवटचे दहाबारा पडायचं नाव घेईनात म्हणून आमच्याकडे येत.

त्यामुळे आमच्याकडे एका दाताचं काम कमी आणि अख्ख्या तोंडाचं जास्त. अख्खं तोंड एका बैठकीत रिकामं करता येत नाही. रक्त थांबायला हवं, माणूस जेवायला हवा. म्हणून तोंडाचे चार कोपरे धरायचे आणि एका वेळी एक कोपरा काढायचा. दात निघाला की खड्डा पडतो, खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, आणि सगळी मदार त्या गाठीवर. ती चोखली, काडीने उकरली की खड्डा उघडा पडतो आणि माणूस भिंतीला डोकं लावून बसतो. एका कोपऱ्याला पंधरा दिवस द्यायचे. चारही झाले की तीन महिने नुसतं थांबायचं. हिरडी वरून भरलेली दिसते, पण आतलं हाड झिजत, खाली बसत असतं. त्या आधी माप घेऊन कवळी केली तर पुढे ती तोंडात खुळखुळायला लागते. डॉक्टर हे प्रत्येकाला चित्र काढून समजावायचे. माझ्याजवळ चित्रं नव्हती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने दात काढायचे दिवस आणि निळ्या पेन्सिलीने हिरडी भरायचे दिवस मारून मोकळी व्हायचे.

कॅलेंडर माझं, पण त्यावर वहिवाट सगळ्या तालुक्याची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा बापाचं तोंड सुजलेलं चालत नाही. श्रावणात कानबाईच्या प्रसादाचा रोट खायचा असतो, तो भाऊबंदांनीच संपवायचा, दात नाहीत ही सबब देवीला सांगता येत नाही. तापीकाठच्या एका गुजर आजींची एकादशी आडवी आली. मिठाच्या गुळण्या दिवसातून चार वेळा, पण उपासाला साधं मीठ कसं चालेल? मी त्यांना सैंधवाची पुडी बांधून दिली. तेव्हापासून डॉक्टरांपेक्षा माझं ज्ञान जास्त असं त्यांचं मत झालं, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही.

एकदा लोणखेड्याच्या तीन भावांतला मधला येऊन खुर्चीत बसला. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर बत्तीसच्या बत्तीस दात मोत्यासारखे. मी वही पाहिली. तारीख थोरल्याची होती.

"दादाले पानी भराना व्हतं वावरमा," तो म्हणाला. "तारीख वाया जाई ना, म्हनीसन मी उनू."

एकत्र कुटुंबात लग्नाला, सुतकाला, कोर्टाच्या तारखेलाही घरातलं कुणी एक गेलं की झालं. दाताला तसं चालत नाही हे त्याला पटवताना डॉक्टर घामाघूम झाले. तो बिचारा तोंड उघडून तयार होता. घराण्याच्या अब्रूसाठी एक दाढ द्यायला त्याची ना नव्हती.

तर धुडकूआप्पा. ते आले फाल्गुनात, होळी नुकतीच झालेली. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरी टोपी आणि तोंडाला वास. हिरड्यांतून पू येत होता. दात सगळे होते, पण एकही जागेवर नव्हता. डॉक्टर म्हणाले, "सगळे काढायला लागतील." आप्पांनी डॉक्टरांकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे वळले.

"बाई, दसराले मन्हा तोंडमा दात पाहिजेत. मन्हं पोट या दातस्वर शे."

मला वाटलं, पोट सगळ्यांचंच दातांवर असतं. पण आप्पांचं प्रकरण वेगळं होतं. ते जिनमधले, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातले पारखी. हंगामात कपाशीच्या गाड्या जिनच्या आवारात लागायच्या. आप्पा गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून मधला कापूस काढत, त्यातली सरकी वेगळी करत आणि उजव्या दाढेखाली फोडत. सरकी वाळलेली असेल तर कट्ट वाजते. ओली असेल तर नुसती पिचते. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी शिंपडून आणत. असा कापूस गंजीत तापतो आणि रुई पिवळी पडते. आप्पा सरकी फोडून सांगत, "कोल्ली शे," म्हणजे कोरडी, किंवा "वल्ली शे." त्यावर भाव ठरे. शेतकरी आणि जिनचे मालक शेठजी दोघेही तो शब्द मानत. इंजिनाचा एवढा धडधडाट चालू असायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये, पण त्यात आप्पांना सरकी ऐकू यायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जिन उघडे, तेव्हा पहिल्या गाडीची पहिली सरकी आप्पांनी फोडायची असा रिवाज होता. ती फोडता आली नाही तर शेठजी तापीपलीकडचा दुसरा पारखी आणणार, हे त्यांनी आप्पांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मी कॅलेंडर खाली काढलं. चैत्रात दोन कोपरे, वैशाखात दोन. उजवी खालची दाढ सगळ्यांत शेवटी, कारण तिच्यावर आप्पांचा जीव. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण हिरडीचे. भाद्रपदात माप, गणपतीत कवळी तोंडात. दसऱ्याला महिना शिल्लक. इतकं सुबक वेळापत्रक मी आयुष्यात दुसरं केलं नाही. डॉक्टरांनाही दाखवलं. ते म्हणाले, "वा!" ते सहसा असं म्हणत नसत.

पहिल्या दोन बैठका सुरळीत झाल्या. तिसरीला डावा खालचा कोपरा निघाला. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवला आणि म्हणाले, "अर्धा तास दाबून धरा." आप्पा बाहेरच्या बाकावर बसले. पाच मिनिटांनी मी पाहते तर त्यांनी बोळा तोंडातून काढलेला, त्याचा कोरडा भाग चिमटीत धरून तंतू ओढून पाहणं चाललेलं.

"हाई रुई कोठली शे?" त्यांनी विचारलं.

"मुंबईहून येते. औषधी कापूस आहे. तोंडात घाला आधी."

"धागा आखूड शे," आप्पा म्हणाले. त्यांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. "असा माल आम्ही आवारमा येऊ देत नही."

मी ओरडले तेव्हा त्यांनी बोळा परत घातला. मला वाटलं, मिटलं. पंधरा दिवसांनी आले तेव्हा गालाचा फुगा झालेला आणि डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी खड्ड्यात चिमटा घातला आणि ओढायला लागले. ओढतच राहिले. पांढरा, मग पिवळा, मग तांबडा असा कापूस निघतच होता.

"आप्पा, हे काय?"

"घरनी रुई शे, डॉक्टर. पह्यला वेचानी," आप्पा अभिमानाने म्हणाले. "मी रोज बदलस."

मुंबईच्या आखूड धाग्यावर विश्वास नाही म्हणून या गृहस्थाने आपल्या वावरातला उत्तम, लांब धाग्याचा, धुळीने माखलेला कापूस दोन आठवडे रोज जखमेत ठासला होता. रक्ताची गाठ पहिल्याच दिवशी निघून आली होती. खड्डा साफ करायला, पेनिसिलीनची सुई द्यायला आणि तो पुन्हा भरायला दीड महिना गेला. माझ्या निळ्या पेन्सिलीच्या रेघा खोडरबराने पुसताना मला रडू आलं. रागाने आलं, दुसरं काही नाही.

चौथी बैठक झाली ती आषाढ सरता सरता. तिथून तीन महिने म्हणजे दिवाळी. मग माप, मग कवळी. कार्तिकी पौर्णिमेशिवाय तोंडात दात येत नाहीत, असं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. दसरा पौर्णिमेच्या महिनाभर आधी होता. दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊन बाकावर बसायला लागले. आपल्या मोकळ्या तोंडावर उपरणं धरून ते माझ्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. मी म्हणायचे, "आप्पा, बघून तारीख पुढे सरत नाही." ते मान हलवायचे आणि बघत राहायचे.

शेवटी डॉक्टर विरघळले. ते पहिल्यापासून तसेच, दोन आसवं पाहिली की शास्त्र विसरायचे. तात्पुरती कवळी करून देतो म्हणाले, नुसती तोंडाची शोभा. भात, खिचडी, पातळ वरण एवढंच खायचं. माप घ्यायचं ठरलं तर पितृपक्ष लागला.

"पितरस्ना दिनमा नवं काहीच लेतस नही, बाई," आप्पा म्हणाले.

घटस्थापनेला माप घेतलं आणि डॉक्टर नवरात्रभर कवळी घासत बसले. दसऱ्याला ती आप्पांच्या तोंडात बसली. मी त्यांना सोनं दिलं आणि बजावलं, "सरकी फोडायची नाही. हिरडी कच्ची आहे." आप्पांनी आपट्याच्या पानावर हात ठेवून शपथ घेतली, "तोंडमा सरकी घालाऊ नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खलबत्त्यात दालचिनी कुटत होते, तर मनात आलं, आप्पा 'तोंडमा' का म्हणाले असतील? मी तशीच चपला घालून जिनकडे निघाले.

आवारात पन्नास गाड्या लागलेल्या. शेठजी नारळ फोडून उभे. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. पहिली गाडी तापीकाठच्या मगनभाई गुजरांची. आप्पांनी गाडीत हात घातला, सरकी काढली. मग टोपी सारखी केली, वरची आणि खालची कवळी तोंडातून काढली, डाव्या हातात एक आणि उजव्या हातात एक धरली, मध्ये सरकी ठेवली आणि कानाशी नेऊन अडकित्त्यासारखी दाबली.

सरकी पिचली.

"वल्ली शे," आप्पा बोळक्या तोंडाने म्हणाले.

मग मगनभाईंनी पागोटंच काढून आपटलं. "दात तोंडमा पाहिजेत! हातमाना दात काय साक्ष देतीन?"

वाद पेटला. काही म्हणाले, दात आप्पांचे, मग हातात असोत की खिशात. काही म्हणाले, दात डॉक्टरांनी केले, म्हणजे ते डॉक्टरांचे. एक म्हातारा म्हणाला, जोवर दात तोंडात राहून घास खात नाहीत तोवर ते परके, नव्या सुनेसारखे. शेठजी दोन्ही हात वर करून "शांत रहो, शांत रहो" म्हणत होते. तेवढ्यात त्यांना मी दिसले.

"लो, बाई आल्या. बाई, आपनच सांगा. हे दात आप्पांचे कधी होनार?"

सगळं आवार माझ्याकडे वळलं. मगनभाई म्हणाले, "हां. तारीख द्या, बाई. कव्हय या दात आप्पाना व्हतीन?"

इतक्या लोकांनी एकदम तारीख मागितली की माझा नाइलाज होतो. मी म्हणाले, "कार्तिकी पौर्णिमा." तक्रार कुणाचीच नव्हती. त्या तारखेपासून आप्पांचे दात खरे, त्या आधी नाहीत, असं ठरलं. आप्पांची जागा वाचली म्हणून मी सुस्कारा टाकला. मग शेठजींनी विचारलं, "और तब तक सरकी कोण फोडनार? आप्पा ऐकतील, पन फोडनार कोण?"

हमालांचे दात शेठजींच्या बाजूचे. गाडीवाल्यांचे शेतकऱ्यांच्या. सरकी मुद्दाम हळू फोडली, जोरात फोडली, असे आरोप होणार. आमच्या डॉक्टरांचं नाव निघालं, पण त्यांच्या स्वतःच्या सात दाढा नव्हत्या. ही गोष्ट त्यांनी तालुक्यापासून लपवली होती आणि मी त्या दिवशी घाईत सांगून टाकली.

"मंग बाईच फोडतीन," मगनभाई म्हणाले. "बाईस्नं आठे कोन शे? ना भाऊबंद, ना वावर."

ते माझ्या बाजूने बोलत होते, तरी मला लागलं. पण आप्पा माझ्याकडे बघत होते, हातात दोन कवळ्या धरून. मी पदर खोचला आणि तोंड उघडलं. आप्पांनी गाडीतून नवी सरकी काढून माझ्या हातावर ठेवली. मी दाढेखाली धरून फोडली. आप्पा हातभर अंतरावर डोळे मिटून उभे होते.

"वल्लीच शे," ते म्हणाले. मगनभाई खाली बसले.

तेव्हापासून पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी आठ ते दहा मी सरकी फोडली. माझ्यासाठी इंजिन दहानंतर सुरू करायला लागायचं, कारण धडधडाटात माझी सरकी आप्पांना ऐकू येत नसे. शेठजी घड्याळाकडे बघत फेऱ्या मारत. आमच्या दवाखान्याच्या सकाळच्या तारखा सगळ्या दुपारवर गेल्या. डॉक्टर म्हणाले, "शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही." मी म्हणाले, "कवळी आधी द्यायची असंही नाही."

कार्तिकी पौर्णिमेला नवी कवळी बसली. तीन महिने पूर्ण मुरलेली हिरडी, आणि त्यावर तसूभरही न हलणारी कवळी. डॉक्टरांनी आयुष्यात केलेली सगळ्यांत चांगली. आम्ही दोघेही आप्पांबरोबर आवारात गेलो. शेठजींनी आनंदाने इंजिन सुरू केलं. आप्पांनी सरकी तोंडात घातली, उजव्या बाजूला धरली आणि फोडली. टरफल तुटलं, ते मी पाहिलं.

आप्पा थांबले. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग हात वर करून इंजिन बंद करायला सांगितलं आणि चौथी फोडली. त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"दूर ऐकू येस," ते म्हणाले. "शेजारना घरमा कोन्ही शेंगा फोडी ऱ्हायना, तसं."

डॉक्टरांच्या तेव्हा लक्षात आलं. खरा दात हाडात रुतलेला असतो. सरकी फुटली की आवाज हाडातून थेट कानात जातो, म्हणून आप्पांना इंजिनाच्या गोंगाटातही ती कळायची. कवळी बसते हिरडीवर, म्हणजे गादीवर नारळ फोडल्यासारखं. हिरडी जितकी छान भरली तितकी गादी मऊ. सगळ्या तारखा बरोबर पाळून आम्ही पारख्याचा कान बंद केला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी आपली आवारात जाऊन उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. आप्पा होते. त्यांनी सरकी दिली, मी फोडली, त्यांनी सांगितलं. नवी कवळी तोंडात होतीच, शोभेला. शेठजींनी इंजिन दहाला सुरू केलं.

हे नऊ हंगाम चाललं. माणूस कशालाही सरावतो. मला खुर्ची आली, मग खुर्चीला छत्री आली. 'बाई फोडतस, आप्पा आयकतस' हे लोकांना इतकं अंगवळणी पडलं की नव्या माणसाला त्यात काही विचित्र वाटलं तर तोच विचित्र ठरायचा. एकदा तोरणमाळहून दाढ दाखवायला आलेला पावरा जमातीचा एक म्हातारा मला शोधत थेट जिनमध्ये पोचला. सरकी फोडताना बघून त्याने शांतपणे तोंड उघडलं आणि रांगेत उभा राहिला. त्याला वाटलं, दात तपासायची इकडची पद्धत अशी.

नवव्या हंगामात, मार्गशीर्षात, एका सरकीबरोबर बारीक खडा आला. माझी उजवी दाढ उभी चिरली. डॉक्टरांनी ती त्याच दुपारी काढली. मी कापसाचा बोळा दाबून कॅलेंडरपाशी गेले आणि स्वतःची तारीख लिहिली, पंधरा दिवस. एका दाढेला तेवढे पुरतात. मग डाव्या बाजूने फोडता येणार होतं.

संध्याकाळी आप्पा आले. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं.

"तीन महिना," ते म्हणाले.

"आप्पा, ते कवळीसाठी. मला कवळी बसवायची नाही."

"तुम्हीच सांगेल शे, तीन महिना. हिरडी म्हनजे हिरडी. मी घाई कई, मन्हं काय व्हयनं ते तुम्ही देखं."

मी भांडले, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. आप्पांनी चित्राकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी शेठजींना सांगितलं की बाईंची हिरडी भरेपर्यंत सरकी ऐकणार नाही. भर हंगाम, आवारात गाड्यांची रांग. शेठजींनी शाळेतल्या परगावच्या मास्तरांना आणून उभं केलं. मास्तरांनी सरकी फोडली. आप्पा त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी निरोप पाठवला, स्वतः गेले, हात जोडले. आप्पा म्हणाले, "तुम्ही बोलू नका, बाई. गाठ हाली जाई."

शेठजींनी तरी किती थांबायचं? आठ दिवसांत मुंबईहून एक पेटी आली. कापूस आत दाबायचा, बटण दाबायचं, काटा फिरतो आणि ओल किती ते सांगतो. इंजिन चालू असतानाही. शेठजी वाईट नव्हते, त्यांनी आप्पांना आवारात बसून राहा म्हणून सांगितलं. आप्पा दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत. ज्या जागेसाठी त्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हातात कवळ्या धरून अख्ख्या बाजारासमोर हसं करून घेतलं, ती जागा माझ्या एका दाढेच्या खड्ड्यापायी त्यांनी सोडली. आणि त्या खड्ड्याला तेवढ्या दिवसांची गरजही नव्हती. मला अजून त्यांचा राग येतो.

तीन महिने भरले त्या दिवशी, फाल्गुनात, आप्पा दवाखान्यात आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. दवाखान्यात गर्दी होती, तरी सगळ्यांना ओलांडून ते माझ्या टेबलाशी आले. उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली आणि तीन सरक्या माझ्यापुढे ठेवल्या.

मी पहिली डाव्या दाढेखाली धरून फोडली. त्यांनी डोळे मिटले.

"कोल्ली शे."

दुसरी फोडली. तीही कोरडी. तिसरीही. बाकावरचे लोक माना उंचावून बघत होते. आप्पांनी टरफलं गोळा करून उपरण्यात बांधली आणि माझ्या उजव्या गालाकडे बोट केलं.

"बाई, दुखत नही ना?"

मी नाही म्हणाले, आणि मग मला पुढचं नाव पुकारायचं सुचेना. मी एवढ्या तोंडांना तारखा दिल्या होत्या. दुखतं का म्हणून त्यांतल्या एकालाही मी कधी विचारलं नव्हतं. आप्पांनाही नाही.